गोगलगायीचा मांडव

अराबा एस्सुमनने शाळा काढली तेव्हा तिचं एक पक्कं ठरलेलं होतं, की या शाळेत मोठ्या माणसांनी मुलांना काहीही शिकवायला जायचं नाही. इथपर्यंत ठीक होतं. हे तिने समुद्रकाठच्या सॉल्टपाँड गावच्या लोकांना सांगायला नको होतं. सांगितलं, तिथंच घोटाळा झाला.

"म्हणजे तू पोरं गोळा करणार आणि शिकवणार नाहीस," शेजारचे एग्या अट्टा कुंपणावरून म्हणाले. एग्या ही वडीलधाऱ्याला मारायची हाक; हे अट्टा बंदरावरच्या जकात खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या उघडून बघितल्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांना कुणाची पेटी बंद बघवत नसे. त्यांची वेताची खुर्ची बरोबर अराबाच्या अंगणाकडे तोंड करून असायची.

"काय करायचं ते पोरं ठरवतील, एग्या. आपण मागे राहायचं."

"पोरं चार वर्षांची ना?"

"काही तीनचीही आहेत."

एग्या अट्टांनी एकदा आकाशाकडे बघितलं, एकदा अराबाकडे बघितलं. "तुझा बाप माझा मित्र होता," ते म्हणाले, "म्हणून सांगतो. डोकं दुखतं का तुझं? दुखत असेल तर लपवू नकोस."

अराबाचं डोकं दुखत नव्हतं. गावातल्या सगळ्यात मोठ्या खासगी शाळेत बालवर्ग सांभाळून, "गुड मॉर्निंग मॅडम, वी आर फाइन, थँक यू, अँड यू?" हे एका सुरात ऐकून ऐकून तिचे कान मात्र दुखत होते. तिने राजीनामा दिला, आईच्या घराच्या पडव्या मोकळ्या केल्या आणि शाळेचा एक नियम केला. मुलांनी विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि विचारलं तर खरं तेच सांगायचं. नियम म्हणायला सोपा आहे. शंका असेल त्याने आपल्या घरी एक सकाळ पाळून बघावा.

पहिला दगा पाटीने दिला. अराबाने रंगाऱ्याला सांगितलं होतं, "फक्त 'एस्सुमन बालघर' लिही, बाकी काही नको." पाटी आली ती 'एस्सुमन इंटरनॅशनल प्रिपरेटरी' अशी. शिवाय कोपऱ्यात काळा झगा आणि चौकोनी टोपी घातलेलं एक गुबगुबीत पोर, हातात पदवीची सुरळी.

"हे मी सांगितलं होतं?" अराबा.

"नाही मॅडम. पण इंटरनॅशनल नसलेल्या शाळेत कोण येतं? आणि टोपीवालं पोर मी माझ्याकडून घातलं. तुमच्याकडून त्याचं काही नको."

तो इतक्या प्रेमाने म्हणाला की बाईला रागावताही येईना. पाटी लागली. दुसऱ्या दिवसापासून येणारा प्रत्येक पालक आधी टोपीवाल्या पोराकडे बघायचा आणि मग विचारायचा, "पदवीदान कधी आहे? झगे तुम्ही देणार की आम्ही शिवायचे?"

मग मास्तर. जाहिरात वाचून जे आले त्यांना अराबा मुलांमध्ये जमिनीवर बसवायची आणि सांगायची, "थोडा वेळ नुसतं बसा. काही करू नका." हीच मुलाखत. एक तरुण बसल्या बसल्या झोपला. एका बाईंनी दोन मिनिटांत सगळ्या पोरांना ओळीत उभं केलं आणि नखं तपासली. तिसऱ्या बाईंच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली छडी घरंगळली. "सवयीने आली हो बरोबर," त्या लाजून म्हणाल्या, जणू काही मांजरच मागे मागे आलं होतं.

शेवटी उरले मिस्टर बाइडू. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, आवाज असा की गल्लीच्या टोकाला कोंबड्या थबकाव्यात. त्यांचा जीव खरंच मुलांवर होता. पण गप्प बसणं हे त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. एखाद्या पोराने ठोकळ्यावर ठोकळा ठेवला की, "शाब्बास! टाळ्या! किती झाले? दोन! सगळ्यांनी म्हणा, दोन!" पोर दचकायचं, ठोकळे पडायचे.

"मिस्टर बाइडू," अराबा म्हणाली, "त्याने विचारलं होतं का, किती झाले?"

"मॅडम एस्सुमन, दोन तर दोनच असतात. त्यात विचारायचं काय?"

मग अराबाने औषध काढलं. सकाळी मास्तर आले की त्यांच्या हातावर एक टणक टॉफी ठेवायची, आणि ती तोंडात आहे तोवर बोलायचं नाही. शाळेचा पहिला महिना मास्तरांनी टॉफीवर काढला. दाढ दुखायला लागली, पण बिचाऱ्यांनी माघार घेतली नाही. "तत्त्वासाठी दाढ गेली तरी चालेल," ते गाल धरून म्हणाले. अराबाला त्या दिवशी त्यांची फार माया आली.

मंगळवार हा मात्र खरा कसोटीचा दिवस. मंगळवार समुद्राच्या विश्रांतीचा, त्या दिवशी कुणी समुद्रावर जात नाही, त्यामुळे मासेमारी करणारे सगळे बाप मोकळे. ते यायचे, कडुनिंबाखाली जाळी विणत बसायचे आणि शाळा बघायचे.

"मॅडम, पोरं खेळतायत."

"हो."

"सकाळपासून खेळतायत."

"हो ना."

"मग शाळा कधी सुरू होते?"

मान्सा नावाच्या चिमुरडीचा बाप त्यांच्यात सगळ्यात हळू बोलणारा. तो जाताना अराबाला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. पोर घरी बोलत नाही फारसं. माझी आई गेल्यापासून असंच चाललंय. इथं बोलते का?"

विचारलं तर खरं तेच सांगायचं. "गोगलगायीशी बोलते," अराबा म्हणाली.

बापाने मान हलवली. "टर्म संपेपर्यंत ठेवतो," तो म्हणाला. "मग दुसरीकडे बघावं लागेल. बायको ऐकत नाही."

ही गोगलगाय म्हणजे आँटी बेसिवा. मुठीपेक्षा मोठी, तपकिरी पट्ट्यांची, फिफी नावाच्या पोराने पावसात केळीखालून आणलेली. फिफी पाच वर्षांचा, आवाज मिस्टर बाइडूंच्या खालोखाल. नाव मात्र मान्साने ठेवलं. आँटी बेसिवाला एक लाकडी खोकं होतं, त्यात माती होती, आणि दिवसभर मान्सा त्या खोक्याशेजारी बसून काहीबाही पुटपुटत असायची. एग्या अट्टाही आँटी बेसिवाकडे कुंपणावरून बघत असायचे, पण वेगळ्या नजरेने.

"ती गोगलगाय शिकून काय करणार आहे?" ते म्हणायचे. "माझ्या बायकोच्या पाम सूपमध्ये तिचं कल्याण झालं असतं."

एवढ्यात तपासणीच्या बाई येऊन गेल्या. मिसेस यँकसन. परवान्यासाठी शाळा बघायची, हे त्यांचं काम. त्या आल्या तेव्हा एक पोर झाडावर, दोन चिखलात, एक टेबलाखाली झोपलेलं. अराबा आणि मिस्टर बाइडू एवढे गडबडले की बाईंना खुर्ची दिली नाही, पाणी दिलं नाही, येण्याचं कारण विचारलं नाही. बाई उभ्या उभ्याच बोलल्या.

"वेळापत्रक?"

"मुलं ठरवतात," अराबा म्हणाली.

"मग मुलांनी जे ठरवलं ते भिंतीवर लावा. बाकं?"

"मुलं जमिनीवर..."

"फळा?"

मिस्टर बाइडूंच्या तोंडात टॉफी होती. त्यांनी नुसतेच हात पसरले.

"टर्म संपायच्या आधीच्या शुक्रवारी मी परत येईन," मिसेस यँकसन म्हणाल्या. "तेव्हा इथं शाळा दिसली तर परवाना. नाही दिसली तर कुलूप." आणि निघाल्यासुद्धा. इथं पाहुण्याने जाताना वाट मागायची आणि घरच्यांनी ती द्यायची, अशी रीत. त्यांनी मागितली नाही आणि यांनी दिली नाही. पाहुणी अशी गेली.

एग्या अट्टांनी कपाळावर हात मारून घेतला. "पाणी दिलं नाहीस? अगं, घरावर जप्ती घेऊन आलेल्या माणसालासुद्धा आधी पाणी देतात! त्याने निवांत प्यायचं, मग आपण म्हणायचं, इथं सगळं शांत आहे, तुम्ही काय निमित्ताने आलात? हे चार वर्षांच्या पोराला कळतं!"

अराबाला हे फार लागलं. परवाना गेला असता तर तिने कदाचित सहन केलं असतं, पण एस्सुमनांच्या घरात पाहुणीला पाणी मिळालं नाही, हे गावभर झालं. ती रात्रभर चिडून तळमळली आणि सकाळी उठून म्हणाली, "मिस्टर बाइडू, शाळा बंद होणार नाही. शाळा बदलणारही नाही. काय करायचं ते बोला."

मास्तरांनी टॉफी गालात सरकवली. "एका सकाळपुरत्या खुर्च्या आणू. बाई येतील, खुर्च्या बघतील, जातील. दुपारी खुर्च्या परत."

"ही लबाडी नाही का?"

"खुर्च्या खऱ्याच असतील ना, मॅडम?"

गणिताच्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. अराबाने कुरकुरत मान डोलावली. सॉल्टपाँडात प्लास्टिकच्या खुर्च्या म्हणजे ओटू मांडववाला. आणि शुक्रवार म्हणजे, हे त्या दोघांच्या लक्षात यायला हवं होतं, ओटूच्या सगळ्या पांढऱ्या आणि निळ्या खुर्च्या सकाळीच बाहेर. शनिवारी कुठं ना कुठं कुणाचं तरी मोठं कार्य असतंच.

शुक्रवारी सकाळी ओटूची गाडी आली. खुर्च्या आल्या, काळ्या. त्यांच्यावर घालायला लाल कापडं. आणि कुणी न मागितलेला काळ्या-लाल पट्ट्यांचा मांडव, वर मायक्रोफोन आणि कर्णा.

"हे काय?" अराबा किंचाळली.

"काळ्या खुर्च्या मांडवाशिवाय देत नाही मी, जोडीने जातात," ओटू म्हणाला. "आणि कर्णा तुम्हाला म्हणून. वारलं कोण?"

"कुणीही वारलेलं नाही!"

"मग दुपारी एकला घेऊन जातो. मंकेसिमला खरंच कुणी वारलंय." ओटू मांडव ठोकून गेला. चांगला घट्ट ठोकला.

मुलं येत गेली, आणि एकेक फाटकातच थबकलं. काळा मांडव, लाल कापडं, हे इथले दुखवट्याचे रंग, वर समोरासमोर लावलेल्या खुर्च्या, कर्णा. सॉल्टपाँडचं मूल हे बघून काय समजतं ते कुणी शिकवावं लागत नाही. फिफीने सगळीकडे एक नजर फिरवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही," अराबा म्हणाली.

हे काही पोरांना पटण्यासारखं नव्हतं. एवढा मांडव उगाच कोण घालतो? मुलं शोधायला लागली. मिस्टर बाइडूंना नीट बघून झालं, ते जिवंत होते. एग्या अट्टा खुर्चीत डोळे मिटून बसलेले, पण हाक मारल्यावर खेकसले. शेवटी मान्साने खोक्यातून आँटी बेसिवाला उचललं. हरमटानचा कोरडा वारा कित्येक दिवस चालला होता. आँटी बेसिवा शंखात आत आत गेलेली, तोंडावर पांढरा कडक पापुद्रा, हलवली तरी हलत नव्हती.

"ही," मान्सा म्हणाली.

सगळी पोरं कामाला लागली.

आता एक गोष्ट सांगून टाकतो. आँटी बेसिवा मेलेली नव्हती. कोरड्या दिवसांत गोगलगाय अशीच दार लावून झोपते, हे अराबाला लहानपणापासून माहीत होतं, मिस्टर बाइडूंना माहीत होतं, आणि एग्या अट्टांना तर फारच चांगलं माहीत होतं. पण मुलांनी कुणालाही विचारलं नाही. त्यांना खात्री होती.

"मॅडम," मिस्टर बाइडू कुजबुजले, "अर्ध्या तासात बाई येतील. मी एका हाकेत सगळ्यांना ओळीत बसवतो. एकच हाक. अंक म्हणून घेऊ."

अराबाने अंगणाकडे बघितलं. दोन पोरं आँटी बेसिवाचं चित्र काढत होती, गेलेल्या माणसाचं लावतात तसं भिंतीवर लावायला. खाली वय घालायचं की नाही यावर वाद चालला होता, आणि एकशे चारवर ठरलं. चार पोरं खुर्च्या मोजून दोन्ही बाजूंना सारख्या लावत होती, एक जास्त होत होती म्हणून परत परत मोजत होती. दोघी खड्डा खणत होत्या. रोज भांडणारे दोघे एकच फावडं आळीपाळीने वापरत होते. फिफी कर्ण्यासमोर घसा साफ करत होता.

"नाही," ती म्हणाली. "हाक मारायची नाही."

"मॅडम, कुलूप लागेल!"

"लागू दे. ओळीत बसवून परवाना मिळाला तर तो त्या मोठ्या शाळेचाच परवाना झाला. तो माझ्याकडे होता, मी सोडून आले." तिने खिशातून टॉफी काढून मास्तरांच्या हातावर ठेवली. मास्तरांनी ती एखादं कडू औषध घ्यावं तशी तोंडात टाकली.

तेवढ्यात फाटक वाजलं. मिसेस यँकसन आत आल्या. बाई नखशिखांत काळ्यात होत्या. काळा पोशाख, कपाळाला लाल पट्टी.

मुलांना यात काहीच नवल वाटलं नाही. कार्याला लोक येतातच. फिफी कर्णा सोडून पुढे आला, बाईंचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. मग सगळी पोरं एका रांगेत, उजवीकडून सुरुवात करून, उजवा हात पुढे करून, एकेक जण हात मिळवून गेलं. एका छोट्याने डावा हात काढला तर मागच्याने लगेच त्याच्या पाठीत बुक्की घालून बदलायला लावला. मान्साने पेल्यातून पाणी आणलं. बाईंनी नकळत घेतलं, प्यायल्या.

"इथं सगळं शांत आहे," फिफी म्हणाला. "तुम्ही काय निमित्ताने आलात?"

बाईंच्या दुसऱ्या हातात तपासणीचा कागद होता. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग पोराकडे. पाणी पिऊन झालं होतं. विचारलेल्याला उत्तर द्यायलाच हवं होतं.

"वाईट काही घेऊन आले नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "मंकेसिमला निघाले आहे. माझी मावशी गेली. तिनेच मला वाढवलं. उद्या तिचं कार्य आहे. वाटेत तुमची शाळा बघायची होती म्हणून आले."

"आमचंही कार्य आहे," फिफी म्हणाला. "आँटी बेसिवा गेली. बसा."

बाई बसून राहिल्या. अशा कार्यात इथं देणग्या नावासकट जाहीर होतात, त्या सुरू झाल्या. पोरं बाटल्यांची झाकणं, शिंपले, चिंचोके आणून टाकत होती आणि फिफी एकेकाचं नाव कर्ण्यावरून गर्जत होता. गल्लीतली दारं उघडली. एग्या अट्टा उभे राहिले. मग फिफी बाईंसमोर आला आणि वाट बघत उभा राहिला. बाईंनी पर्स चाचपली, गोंधळून हातातलं पेन पुढे केलं.

"मिसेस यँकसन, सरकारकडून, एक पेन!" कर्णा गरजला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. गप्प राहण्यात आयुष्यात पहिल्यांदाच यशस्वी झालेले मिस्टर बाइडूही टाळ्या वाजवायला लागले.

"ती मेलेली नाही," बाई अराबाच्या कानाशी म्हणाल्या. "झोपलीय."

"माहीत आहे."

"मग सांगत का नाही? ती पोरं तिला पुरतील आता!"

"त्यांनी विचारलेलं नाही अजून," अराबा म्हणाली. पण तिची नजर खड्ड्यावर होती. माती टाकायची वेळ आली तर आपण तोंड उघडू की नाही, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. इतक्या महिन्यांत नियम एवढा जड कधी झाला नव्हता.

दोघांनी खोकं उचललं. "थांबा," मान्सा म्हणाली.

तिचा आवाज मोठा होता. पोरं वळून बघायला लागली, कारण एवढा मोठा तो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"आंघोळ राहिली. आजीला आधी आंघोळ घातली होती. मग लेसचं कापड नेसवलं. मग लोक आले. तुम्ही सगळं उलटं केलं."

फिफीने विचार केला. चूक होती खरी. "घाला आंघोळ," त्याने हुकूम दिला.

मान्साने वाडग्यात पाणी घेतलं, आँटी बेसिवाला मांडीवर ठेवलं आणि ओंजळीने हळूहळू पाणी सोडायला लागली. शंख धुतला, खाच-खळग्यातली माती काढली. पांढरा पापुद्रा भिजला, एका कडेने सुटला. मान्सा ओततच राहिली. आतून काहीतरी ओलं, करडं पुढे सरकलं. मग एक शिंग. मग दुसरं.

मान्सा किंचाळली. सगळी शाळा किंचाळली. खड्डा खणणाऱ्या पोरी खड्ड्यातच नाचायला लागल्या. फिफी धावत कर्ण्याकडे गेला.

"ऐका हो ऐका! आँटी बेसिवा उठल्या आहेत! कार्य संपलं! देणग्या परत मिळणार नाहीत!"

मिसेस यँकसन हसल्या. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवून हसल्या. अराबाही हसली. आणि त्या हसण्यात मान्सा गोगलगाय हातात घेऊन अराबासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, आजीला पाणी कमी पडलं का?"

मिस्टर बाइडूंची टॉफी कडकन फुटली. आता विचारलं होतं. विचारलं तर खरं तेच सांगायचं. अराबा खाली बसली, मान्साच्या डोळ्यांसमोर डोळे आले इतकी खाली.

"नाही, मान्सा. पाणी कमी पडलं नव्हतं. आँटी बेसिवा झोपली होती. आजी झोपली नव्हती. आजी वारली. वारलेलं माणूस पाण्याने उठत नाही."

"कशानेच नाही?"

"कशानेच नाही."

आँटी बेसिवा तिच्या मनगटावर चढायला लागली होती.

"मीपण ओतलं होतं," ती म्हणाली. "थोडंसं. मला वाटलं, मी नीट ओतलं नाही."

"नीट ओतलंस. सगळ्यांनी नीट ओतलं."

"मग ठीक आहे," मान्सा म्हणाली, आणि गोगलगायीला खोक्यात ठेवायला गेली.

अराबाचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. मिसेस यँकसन खुर्चीत रडत होत्या, मोठ्याने, कार्यात रडतात तशा. त्यांची मावशी गेल्यापासून त्या धावपळीत होत्या, गाड्या, पाहुणे, जेवणं, आणि रडायला जागा मिळाली ती इथं, गोगलगायीच्या मांडवात. पोरांनी त्यांना रडू दिलं. एकाने परत पाणी आणलं.

शेवटी बाई उठल्या, पट्टी सारखी केली आणि फिफीपुढे उभ्या राहिल्या. "मला वाट द्या," त्या म्हणाल्या.

फिफीने मान्साकडे बघितलं. दोघांत काहीतरी कुजबुज झाली. "अर्धी देतो," तो म्हणाला. "उरलेली घ्यायला परत या."

बाई अराबाकडे वळल्या. "वेळापत्रक नाही. खुर्च्या भाड्याच्या आहेत, आणि त्या माझ्याच मावशीच्या कार्याला निघाल्या आहेत, हेही मला दिसतंय. ओटूचा शिक्का मागेच आहे, आणि आमच्या कार्याला त्यालाच सांगितलंय." अराबाने मान खाली घातली. "म्हणून मीही अर्धाच परवाना देते. एक वर्षाचा. उरलेला द्यायला मीच येईन. आणि फळा लावा हो एखादा, पण पोरांचा हात पोचेल एवढाच उंच."

सही करायला मात्र पेन नव्हतं. फिफीने साफ नकार दिला, दिलेली देणगी परत मिळत नाही म्हणजे नाही. शेवटी एग्या अट्टांनी कुंपणावरून आपलं पेन दिलं, जकात खात्याचं. "गोगलगाय जिवंत आहे हे मला केव्हाच ठाऊक होतं," ते बाईंना ऐकवून म्हणाले. "पण मला कुणी विचारलं नाही. या शाळेचा नियमच आहे तसा, मी पाळतो." असं म्हणताना ते आपल्यालाच या शाळेचे संस्थापक समजत होते, हे स्पष्ट होतं.

एकला ओटू आला, खुर्च्या आणि मांडव गाडीत टाकून मंकेसिमला गेला. मिस्टर बाइडू दाढ दाखवायला गेले. अंगणात मांडवाच्या खांबांची भोकं उरली, आणि एक अर्धवट खड्डा, ज्यात दोन पोरं आता पाणी भरत होती. अराबा पायरीवर धपकन बसली. आपण शाळा काढल्यापासून या अंगणात एकदाही निवांत बसलो नव्हतो, हे तिला तेव्हा जाणवलं.

समोर पेला आला. मान्सा होती.

अराबाने पाणी घेतलं. सगळं पिऊन टाकलं. मान्सा पेला परत घेईपर्यंत थांबली, मग रीतीप्रमाणे सरळ उभी राहिली.

"इथं सगळं शांत आहे," ती म्हणाली. "मॅडम, तुम्ही काय निमित्ताने आलात?"

"मी..." अराबा म्हणाली, "माझं तुमच्याकडे काही काम आहे का, ते बघायला आले."

मान्साने खोक्याकडे बघितलं. "आहे," ती म्हणाली. "आँटी बेसिवाला पपईचं पान हवंय. मोठं आणा."

आणि एस्सुमन इंटरनॅशनल प्रिपरेटरीच्या संस्थापक बाई बाह्या सरसावून उठल्या आणि एग्या अट्टांच्या पपईकडे निघाल्या.